बेचाळिसाव्या रकान्यातलं भोक

माझ्या पत्र्याच्या पेटीत एक कार्ड आहे. वीतभर लांब, चार बोटं रुंद, आता पिवळं पडलेलं. त्यावर ऐंशी उभे रकाने आहेत आणि बेचाळिसाव्या रकान्यात नऊच्या आकड्यावर एक बारीक चौकोनी भोक आहे. बाकीची भोकं मशीनच्या पुस्तकात सांगितलेली आहेत. हे पुस्तकात नव्हतं. ते मी स्वतःच्या हातानं पाडलं, आणि वर शिट्टी वाजवत पाडलं, हे आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सत्तरीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. पुण्यात मशीन असलेल्या कचेऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यातल्या एकीत मी प्रोग्रामर होतो, तोही टेंपररी. आमच्या मशीनच्या पोटात सगळी मिळून बारा हजार अक्षरं मावायची. आजच्या पोरांना सांगितलं तर हसतात. हसा लेको! बारा हजार अक्षरांत आम्ही तालुकेच्या तालुके बसवत होतो.

प्रोग्राम म्हणजे कार्डांचा गठ्ठा. आपण कागदावर लिहायचं, मशीनवर बसलेल्या मुली त्याची कार्डं पाडायच्या, मग कंपायलर नावाचा तयार प्रोग्राम ती कार्डं वाचायचा आणि मशीनला कळेल अशा भाषेतला नवा गठ्ठा बाहेर टाकायचा. हा नवा गठ्ठा मशीनच्या पोटात मावला तर काम चालणार. नाही मावला तर बसा बोंबलत. पुन्हा लिहा, पुन्हा कापा, इथली दोन अक्षरं वाचवा, तिथली चार वाचवा. आमचं निम्मं आयुष्य या कापाकापीत जायचं.

मी किकवीकडचा. आमची वस्ती गावापासून जरा बाजूला, कशामुळे ते सांगायला नको. धम्म घेतला तेव्हा मी शाळेत होतो. घरातले देव गेले, पण वस्ती होती तिथंच राहिली. आई मी चार वर्षांचा असताना गेली आणि मला आक्कानं वाढवलं. आक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. भोरला हायस्कुलात घातलं तेव्हा ती दर सोमवारी पहाटे माझ्याबरोबर कापूरहोळच्या फाट्यापर्यंत चालत यायची, मला भोरच्या एस्टीत बसवायची आणि तशीच उलटी चालत जाऊन शेतावर कामाला लागायची. एकदा म्हणालो, "आक्का, मी जातो ना एकटा." तर म्हणाली, "तू शानाच हाईस. येष्टी चुकली आन् तितंच खेळत बसलास म्हंजी?" चौथीपर्यंत शिकलेली ती, पण माझं गणिताचं पुस्तक उलटंसुलटं करून बघायची आणि म्हणायची, "ह्यात माजं डोकं न्हाई चालत, पर तुजं चाललंच पायजे."

पुढं तिचं लग्न वेल्ह्याच्या खोऱ्यात झालं. चहूकडं डोंगर, मधे भाताची खाचरं, पावसाळ्यात चार महिने बाहेरच्या जगाशी संबंध नाही. लग्नानंतर सहा वर्षांत तिचा नवरा तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. आक्का माहेरी आली नाही. "हितं माजा वाटा हाय, त्यो टाकून येऊ व्हय?" म्हणाली. सासू, धाकटा दीर, त्याची बायको यांच्यात राहिली. दीर भला माणूस. सातवी झालेला, त्यामुळे वस्तीचे कागदपत्र तोच बघायचा. आक्का त्याला भावजी म्हणायची आणि तो तिला वहिनी, पण वागायची दोघं बहीणभावासारखी. माझ्यापेक्षा तोच तिला जास्त भाऊ, असं मी तेव्हा चेष्टेत म्हणायचो.

आता त्या वाट्याचं सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. आमच्या लोकांची जमीन म्हणजे वतनाची. ती कुणा एकाची नसते, अख्ख्या भावकीची असते. सातबारा एकच, आणि त्याच्यावर नावांची ही एवढी रांग. वरच्या आळीत बापाची जमीन पोरांत वाटली जायची, खाती वेगळी व्हायची; एका खात्यावर फार तर सहा-आठ नावं. आमच्या वस्तीत वीस, पंचवीस, कुठं तीस. आणि नावं लिहिण्याची रीत ठरलेली. आधी पुरुष वयाप्रमाणं, मग म्हाताऱ्या, आणि सगळ्यांत शेवटी विधवा आणि नांदून परत आलेल्या लेकी. कुणी ठरवली म्हणाल तर कुणीच नाही. तलाठी विचारायचा, पुरुष माणसं सांगायची, बायका मागं उभ्या राहायच्या. आक्काच्या खात्यावर तेवीस नावं होती आणि आक्का तेविसावी. हे मला तोंडपाठ होतं. तो सातबारा मीच तिला वाचून दाखवला होता.

कचेरीत मी कोण हे कुणाला माहीत नव्हतं. आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळायचं नाही. खोली मिळवताना मालकिणीनं आडून आडून विचारलं, तेव्हा मी "भोरकडचे, शेतकरी" एवढंच सांगितलं होतं. कचेरीत तेच चाललं. डबा सगळ्यांत बसून खायचो. खोटं मी कधी बोललो नाही, फक्त खरंही सांगितलं नाही. मला वाटायचं, हे काही पाप नाही. एकदा पर्मनंट झालो की सांगू.

आणि मग आक्काच्याच खोऱ्याचं काम आलं. वेल्ह्याकडं धरण बांधायला घेतलं होतं आणि पाण्याखाली जाणाऱ्या गावांतल्या लोकांना खाली दौंडाकडं कालव्याची जमीन द्यायची ठरली होती. गावोगावच्या पाहणीचे फॉर्म कापडी बासनांत बांधून आमच्याकडं आले. त्यावरून गाववार, खातेवार हिस्सेदारांची यादी मशीननं छापायची. ज्याचं नाव यादीत त्याला जमीन, असा सरळ हिशेब. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आक्काचं नाव मी छापणार! मी पत्र टाकलं तिला. दिरानं वाचून दाखवलं असणार.

साहेब शहरातले, स्वभावानं बरे. छापील फॉर्म पुढं धरून म्हणाले, "यावर सोळा ओळी आहेत. एका खात्याला सोळा नावांची जागा ठेवली तर पुरेल ना? अहो, तुम्ही तिकडचेच ना? तुम्हालाच ठाऊक."

खोलीत आणखी चार जण होते. फॉर्म भरला की तलाठी मागं पुरवणी कागद टाचणीनं लावतात, हे मला माहीत होतं. तेवीस नावं माहीत होती. पण "साहेब, वतनाच्या खात्यावर तिसापर्यंत नावं असतात," असं म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला वतनाचं काय माहीत? मग सगळ्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं असतं. निदान मला तसं वाटलं. कदाचित कुणी काहीच विचारलं नसतं. कपाळ माझं!

"सोळा पुष्कळ झाली साहेब," मी म्हणालो.

मनाशी म्हटलं, आत्ता हो म्हणू, प्रोग्राम लिहिताना गुपचूप चाळीस करून टाकू. एका कार्डाचं तर काम. कुणाला कळतंय?

प्रोग्राम लिहिला, आणि सोळा जागा धरूनसुद्धा तो मशीनमध्ये मावेना. थोडाथोडका नाही, दोन हजार अक्षरांनी बाहेर. आठ दिवस मी कापाकापी केली. शीर्षकं छोटी केली, ओळी मोडल्या, डोळे सुजले. साहेब रोज दारात यायचे. "सोमवारी यादी पाहिजे, वरून तार आलीय." माझी पाचावर धारण बसली होती. टेंपररी माणूस, एका फटक्यात घरी.

मशीनच्या देखभालीला एक इंजिनिअर यायचे, किडकिडीत, तोंडात सतत सुपारी. त्यांनी माझी दशा पाहिली, पंखा पुसता पुसता जवळ आले आणि म्हणाले, "कंट्रोल कार्डावर बेचाळिसाव्या रकान्यात नऊ पाडून बघा."

कंट्रोल कार्ड म्हणजे कंपायलरला सूचना देणारं, गठ्ठ्याच्या अगदी वरचं कार्ड. मी पुस्तक उघडलं. बेचाळिसाव्या रकान्यापुढं लिहिलं होतं, रिकामा ठेवावा.

"पुस्तकात नाही ते," ते म्हणाले. "ज्यांनी कंपायलर बनवला त्यांनी स्वतःसाठी ठेवलेली वाट आहे. आम्हाला तोंडी कळते. गठ्ठा एवढा उतरतो." त्यांनी दोन बोटांत अंतर दाखवलं.

"पण उतरतो कसा? काय काढतो?"

"तपासण्या काढतो. एरवी प्रोग्राम दर पावलाला बघतो की जागा सोळा आहेत, मग सतरावा कोण आला? आला की मशीन थांबतं, बोंब मारतं. नऊ पाडलंत की ते बघणं बंद. सतरावा आला तर तो शेजारच्या जागेत घुसेल, त्याच्यावर पुढचं काहीतरी लिहिलं जाईल आणि मशीन हूं की चूं करणार नाही." त्यांनी सुपारी या गालातून त्या गालात घेतली. "म्हणून हे वापरायचं तर छापलेलं आपण मोजून घ्यायचं. हाताने. एकेक."

मी नऊ पाडलं. शिट्टी वाजवत, वर सांगितलंच. कंपायलरनं नवा गठ्ठा टाकला आणि तो हातात घेतला तर काय, आधी दोन्ही हातांत धरावा लागायचा तो आता एका मुठीत आला! मशीनमध्ये मावला, मावून वर जागा उरली. उरली, हे नीट ऐका. त्या जागेत सोळाचे चाळीस आरामात बसले असते. मी ते सोळाचं कार्ड काढलंसुद्धा. तेवढ्यात साहेब आले, गठ्ठा बघून हरखले, माझ्या पाठीवर थाप मारली, सगळ्यांना बोलावून दाखवलं. म्हणाले, "आता कशालाही हात लावू नका. आहे तसा चालवा." मी कार्ड परत जागेवर ठेवलं. आता सोळाचे चाळीस का करताय, असं विचारलं असतं तर? पुन्हा तेच.

नमुना म्हणून साहेबांनी पाच गावांतली खाती काढली, ती नेमकी वरच्या आळीची. सगळं बिनचूक. मग दिवसभर मशीन चाललं, एकदाही थांबलं नाही. यादीचे लांबच लांब कागद बाहेर येत राहिले. मोजायला सांगितलं होतं, ते मी मोजलं नाही. मशीन थांबलं नाही याचाच मला आनंद झाला. अरे गाढवा, त्याचं तोंड तूच बांधलं होतंस ना!

यादी वाचायच्या दिवशी मी रजा टाकून खोऱ्यात गेलो. शाळेच्या व्हरांड्यात टेबल, त्यामागं अधिकारी, पुढं सगळी गावं बसलेली. आक्का नवं लुगडं नेसून आली होती. बायकांत बसून सगळ्यांना सांगत होती, "माज्या भावानं काडलीया यादी. मशिनीवर." मला तिनं लांबूनच हात केला.

वरच्या आळीची खाती झाली. मग आक्काच्या वस्तीचं खातं आलं. एक, दोन, तीन. पुरुषांची नावं. चौदा. पंधरा. सोळावं नाव आक्काच्या सासूचं. आणि मग अधिकाऱ्यानं कागद उलटला आणि पुढच्या गावाचं नाव वाचलं.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मला कळलं.

राहिलेली सात नावं, सातही बायका. विधवा आणि परत आलेल्या लेकी. आक्का उठली. आधी तिनं अधिकाऱ्याकडं बघितलं, मग दिराकडं. पाहणीच्या वेळी नावं त्यानंच सांगितली होती.

"भावजी," ती म्हणाली, "आईचं नाव सांगितलंसा. माज्याच नावाला काय पटकी आली हुती?"

"वहिनी, शप्पत सांगतो, समदी सांगितली. तेवीसच्या तेवीस सांगितली. तलाठ्यानं माज्यासमोर लिवली."

"मग गेली कुटं? उंदरानं खाल्ली?"

दिरानं अधिकाऱ्यापुढं हात जोडले. "सायब, कायतरी चुकलंय बगा." अधिकारी वैतागले होते, उन्हं वर आली होती. म्हणाले, "अहो, ही माणसानं लिहिलेली यादी नाही, मशीननं काढलेली आहे. मशीन काय कुणाचं नाव आपल्या मनानं गाळतं? तुम्ही सांगितलं तेच त्यात आलं." मग त्यांची नजर माझ्याकडं गेली. "हे काय, त्या कचेरीतलेच आहेत. विचारा यांना. काय हो, मशीन चुकतं का?"

सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. दीर बघत होता. आक्का बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "मशीन चुकत नाही."

शब्दशः खरं होतं ते. मशीन चुकलं नव्हतंच. त्या खऱ्या वाक्यानं मी तिच्या दिराचा गळा कापला. आक्का त्याच्याकडं वळली आणि थुंकली. "हातात किडं पडतील तुज्या," म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरेतुरे केलं. तिथून ती माझ्याबरोबर चालत निघाली ती पुन्हा त्या घराचा उंबरा न चढता किकवीला आली.

पुण्यात परतल्यावर मी नऊच्या भोकाचं कार्ड काढून साधं कार्ड लावलं, प्रोग्राममधली छपाईची शोभा सगळी उडवली, एका वेळी एकच गाव घालून चालवला. आक्काच्या गावाच्या खात्यावर येताच मशीन थांबलं. खडखडून थांबलं. टाईपरायटरवर एक ओळ उमटली, जागेपेक्षा नावं जास्त. बस. एवढंच त्याला म्हणायचं होतं, आणि एवढंच मी त्याला म्हणू दिलं नव्हतं. एकेक गाव घालत गेलो. जिथं जिथं आमच्या लोकांची वस्ती, तिथं तिथं थांबत गेलं. सुटलेली नावं मी हातानं उतरवली, तीन पानं भरली. बहुतेक सगळ्या बायका.

पानं साहेबांपुढं ठेवली. त्यांनी वाचली, चष्मा काढला. "सोळा तुम्हीच म्हणाला होता ना?"

"होय साहेब."

"का?"

आत्ता तरी सांगायला हवं होतं. साहेबांनी पानं ड्रॉवरमध्ये ठेवली. "यादीवर वरच्या सह्या झाल्यात. ज्यांची नावं राहिली त्यांनी तीन महिन्यांत अर्ज करावा, अशी सोय असते. पाहणीत ज्यानं नावं सांगितली त्याची सही घ्यायची, ही हिस्सेदार आहे म्हणून. होईल सगळं. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" त्याच आठवड्यात माझी पर्मनंटची ऑर्डर आली. ती पानं ड्रॉवरमधून पुन्हा बाहेर आल्याचं मी पाहिलं नाही, आणि मागायलाही गेलो नाही.

म्हणजे आक्काला एकच करायचं होतं. दिराच्या दारात जायचं आणि सही आणायची. बाकीच्या सहा बायका रडतभेकत का होईना, गेल्या. त्यानं सगळ्यांना सह्या दिल्या. त्यांना उरलीसुरली, खडकाळ का होईना, पण जमीन मिळाली.

"आक्का, तू पण जा," मी म्हणालो.

"ज्यानं नाव काडलं त्याच्या दारात? मेले तरी जायची न्हाई."

"त्यानं काढलं नसंल."

"मग कुणी काडलं? तूच म्हनलास ना, मशीन चुकत न्हाई म्हून?"

तोंडाशी आलं होतं. मी काढलं, आक्का. एवढे तीन शब्द. पण ती माझ्या ताटात भाकरी वाढत होती, आणि अजून दोन महिने होते. पुढच्या रविवारी सांगू, म्हटलं. पुढच्या रविवारी ती तापानं निजली होती. त्याच्या पुढच्या रविवारी मी गेलोच नाही. असे रविवार जात जात मुदत संपली. दिरानं स्वतः सही केलेला कागद एकदा माणसाबरोबर पाठवला होता. तिनं तो न वाचता चुलीत घातला. वाचायला मला दिला असता तर? पण मी तिथं नव्हतो.

पाणी चढलं. खाचरं गेली, शाळेचा तो व्हरांडा गेला. आक्का आमच्या जुन्या घरात राहून लोकांच्या भांगलणीला जाऊ लागली. मी महिन्याला येत होतो, लागेल ते देत होतो, "माजा भाव लई गुनाचा," असं ती वस्तीत सांगत होती. ते ऐकताना जिवाचं पाणी व्हायचं.

दर वर्षी सुगी झाली की दीर दौंडाकडून यायचा. एस्टीच्या टपावर ज्वारीचं पोतं टाकून. "वहिनीचा वाटा," म्हणायचा. आक्का त्याला दारात उभं करत नसे. तो पोतं रस्त्याकडंच्या लिंबाखाली ठेवायचा, घोटभर पाणीही न पिता सारोळ्याकडून आलेली परतीची गाडी पकडायचा. आक्का ते पोतं वस्तीत वाटून टाकायची, स्वतःच्या जात्यात त्यातला दाणा पडू द्यायची नाही. "पाप फेडतोय," म्हणायची. अशी चार वर्षं. चौथ्या वर्षी मी तिथं होतो. तो वाळला होता, गालफडं बसली होती. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमी शिकल्यालं मानूस. मला एकदा सांगा. मी रातध्याड आटवतो. म्या खरंच तेवीस सांगितली हुती का? का माजीच काय चूक झाली? आता मलाच खात्री वाटंना."

मला वाटलं, याला आता वेड लागेल. त्याची गाडी गेली आणि मी तसाच घरात शिरलो. आक्का चुलीपुढं बसली होती. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. कार्ड, भोक, सोळा जागा, तोंड बांधलेलं मशीन. तिला किती कळलं कुणास ठाऊक. भोकाचं तिनं काही विचारलं नाही. ती एकाच ठिकाणी थांबली.

"सोळा पुरत्यात, असं तू म्हनलास?"

"व्हय."

"तुला म्हाईत हुतं आमी तेवीस हाय."

"व्हय."

"मग का रं म्हनलास?"

"लाज वाटली आक्का. सगळ्यांच्या देखत सांगायची लाज वाटली."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "माजी?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. नाही आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोन लुगडी पिशवीत भरली. लिंबाखालच्या पोत्यातली ओंजळभर ज्वारी पदरात बांधली. मी कापूरहोळपर्यंत बरोबर चालत गेलो. तिनं येऊ नको म्हटलं नाही आणि ये म्हटलं नाही. फाट्यावर पुण्याची गाडी आली, ती चढली, खिडकीकडंची जागा धरली आणि समोर बघत राहिली.

वर्षभरानं मी दौंडाकडं गेलो. दिराचं पत्र्याचं घर, पुढं वैरण रचलेली. तो ओसरीवर विळ्याला मूठ बसवत होता. समोर आक्का सूप घेऊन ज्वारी पाखडत होती, डोकं उघडं, केस पांढरे झालेले, त्याच्याशी काहीतरी बोलून हसत होती. तब्येत सुधारली होती. मला बरं वाटलं. मी "आक्का" म्हणून हाक मारली.

तिनं मान वर केली. सूप खाली ठेवलं. आणि गावात परका साहेब आल्यावर बाया घेतात तसा डोक्यावरून पदर घेतला, कपाळापर्यंत ओढला. ज्या भावाचं नाक तिनं त्याच पदरानं पुसलं होतं, त्याच्यापुढं.

"बसा सायब," ती म्हणाली. "पानी आनते."